खालून हवा घेणारी गाडी

३ मार्च

भाऊजी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका. काही वाईट झालेलं नाही. जे व्हायचं होतं ते गेल्या वर्षी झालं, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुमच्या पंपहाउसला फोन लागत नाही, म्हणून लिहायला बसले. डिझेलची गाडी आठवड्यातून एकदा तुमच्याकडे वर येते आणि तीच टपाल आणते, असं हे सांगायचे. तेव्हा उत्तराची घाई नाही.

विचारायचंय ते गाडीबद्दल. तुमचे दादा गेल्यापासून गाडी मीच चालवते. लग्नानंतर लगेच त्यांनी शिकवली होती, पण ते असताना कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. ते शेजारी बसून माझ्या आधी ब्रेक दाबायचे, नुसत्या पायाने, जिथे ब्रेक नाही तिथे. आता शेजारी कोणी नसतं, म्हणून बरी चालवते. हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत माझी नोकरी अजून आहे. फाटक्या चादरी शिवते, उसवलेले गाऊन सांधते. जायचा रस्ता रेल्वेखालच्या बोगद्यातून आहे.

काल गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. गॅरेजवाल्याला सगळे हिरो म्हणतात. साठी उलटली, केस काळे करतो. त्याने बॉनेट उघडलं आणि डोक्याला हात लावला. म्हणाला, "मावशी, हा बाहेरचा पाइप कोणी बसवला? पावसाळ्यात ही गाडी पाणी पिणार. पाणी प्यायली की इंजिन गेलं समजा. काढून टाकू?"

मी म्हटलं, हात लावू नकोस, विचारून सांगते.

तो पाइप तुम्ही आणि ह्यांनी मिळून बसवलात, तुमच्या मागच्या रजेत. म्हणून तुम्हाला विचारते. हिरो म्हणतो ते खरं आहे का?

वहिनी

११ मार्च

वहिनी,

नमस्कार. पत्र मिळालं.

हिरो म्हणतो ते खरं आहे. इंजिनाला हवा लागते. कंपनीने हवेचा डबा वर, बॉनेटच्या उंचीला ठेवलेला असतो. दादाला गार हवा हवी होती. गार हवा खाली मिळते, त्याने इंजिन जरा जोरात ओढतं. म्हणून आपण पाइप खाली नेला, पुढच्या बंपरच्या मागे, चाकाजवळ. त्याच्या टोकाला शंकूसारखा फिल्टर आहे. रस्त्यावर गुडघ्याच्या खाली जरी पाणी आलं तरी तो बुडतो. बुडला की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग आतले लोखंडी दांडे वाकतात.

जुना डबा माळ्यावर असेल. दादाने वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. हिरोला द्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

एप्रिलात रजेवर येतो. तब्येत सांभाळा.

धाकटा

२० मार्च

भाऊजी,

डबा माळ्यावर आहे खरा, पण शिडी डगमगते आणि धरायला कोणी नाही. पाइप न काढता काही करता येणार नाही का? एवढ्या हुशारीने माणसं चंद्रावर गेली, गाडीच्या नाकात पाणी जाऊ नये एवढं कोणी शोधून काढलं नसेल?

गाडीबरोबर आलेलं जाड पुस्तक मी वाचून काढलं. सगळं कळलं नाही. आमच्या वॉर्डातल्या रुग्णांसाठी पुस्तकांची ढकलगाडी फिरते, तिच्यातून इंजिनावरचं एक जुनं पुस्तक आणलं आणि शब्दकोश शेजारी ठेवून तेही वाचते आहे. त्यात चित्रं बरी आहेत. पिस्टन म्हणजे काय ते कळलं. आपल्या शिवणयंत्राच्या सुईसारखाच वरखाली करत असतो बिचारा.

तुम्ही एप्रिलात याल तेव्हा खोली झाडून ठेवते.

वहिनी

२९ मार्च

वहिनी,

उपाय आहेत. एक व्हॉल्व मिळतो. तो पाइपच्या वरच्या भागात बसतो. फिल्टर बुडाला की व्हॉल्व उघडतो आणि इंजिन तिथून हवा घेतं. पण त्यासाठी पाइप मधे कापावा लागतो.

दुसरं, फिल्टरवर कापडाची टोपी घालतात. पाणी न धरणारं कापड हवं. तुम्ही शिवालच.

तरी माझं मत विचाराल तर डबा बसवा.

माझी रजा रद्द झाली. पंप नंबर दोन त्रास देतोय.

धाकटा

९ एप्रिल

भाऊजी,

पाइप कापायचा नाही. ते विसरा.

टोपी शिवली. तुम्ही पाहिली असतीत तर खूश झाला असतात. आमच्याकडे रुग्णांच्या गादीवर घालतात ते रबरी कापड असतं, त्याचा नवाकोरा तुकडा स्टोअरच्या बाईंनी दिला. "कशाला हवा?" म्हणाल्या. म्हटलं, गाडीला सर्दी होऊ नये म्हणून. डबल शिलाई घातली, शिवणीवर मेण चोळलं, तोंडाला इलॅस्टिक. नळाखाली धरून बघितली, एक थेंब आत गेला नाही. हिरो भाचीच्या लग्नाला गेलाय, म्हणून मीच गाडीखाली सरपटत जाऊन चढवली. कोपर खरचटलं.

पण भाऊजी, तेव्हापासून गाडीचं काही खरं नाही. चढावर ओढत नाही. धापा टाकते. सिग्नलला उभी राहिली की थरथरते, आणि आवाज तर पार बसलाय, घसा धरलेल्या माणसासारखा. वय झालं का तिचं? रोज सकाळी तिच्याशी बोलते, म्हणते, ऊठ बाई, तुझं आणि माझं सारखंच आहे. शेजारच्या जिन्यावरून एक जण ऐकत उभा होता. ऐकू दे.

पंप नंबर दोन बरा झाला का?

वहिनी

१७ एप्रिल

वहिनी,

पत्र मिळाल्याबरोबर ती टोपी काढा. आधी काढा, मग पुढे वाचा.

तुम्ही इंजिनाचं नाक शिवून टाकलंत! कापडातून पाणी जाऊ नये पण हवा जायला हवी. गादीच्या रबरातून काय जाणार? चुकी माझीच, मी नीट लिहिलं नाही. पण जगात इतकी पक्की टोपी कोणीच शिवली नसेल. बिचारी एवढे दिवस चालली कशी, हेच नवल.

मी इतका हसलो की खुर्चीवरून उठावं लागलं. इथे मी एकटाच असतो. हसून झाल्यावर कोणाला तरी सांगावं म्हणून वळलो, तर समोर पंप. जेवणाचा डबा देणाराही आज आला नव्हता.

आता नीट सांगतो. कापडाची टोपी चिंध्या झालेल्या छत्रीइतकीच, नुसते शिंतोडे अडवते. फिल्टर बुडाला तर कुठलीही टोपी उपयोगाची नाही. साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका. आणि कधी चुकून पाण्यात बंद पडलीच, तर चावीला हात लावायचा नाही. एकदासुद्धा नाही. आत पाणी असताना चावी फिरवली की दांडे वाकलेच समजा. नुसती बंद पडली असेल तर बहुधा वाचते. हे पाठ करा.

धाकटा

२६ एप्रिल

भाऊजी,

टोपी काढली. दोन मिनिटांत गाडीचा आवाज मोकळा झाला. मी तिथेच अंगणात बसले थोडा वेळ.

शिडी डगमगत नाही. धड आहे. मला पाइप काढायचा नाही, एवढंच.

तुमच्या दादांनी तो पाइप बसवला तेव्हा मी कुरकुरले होते. एवढी चांगली गाडी, तिला कशाला उगाच गुरगुरायला लावता? ते म्हणाले, ऐक तर खरं. मग रोज संध्याकाळी ती कोपऱ्यावर वळली की चढावर ते जरा रेटायचे आणि मला ओट्यापाशी कळायचं. खर्जातला आवाज. गॅसवर तवा ठेवायचा तो त्या आवाजावर. ते फाटकाशी येईपर्यंत तवा तापलेला असायचा.

आता मी कोपऱ्यावर वळते आणि मीच रेटते. घरात ऐकायला कोणी नाही, हे मला कळतं. तरी रेटते. डबा बसवला की हा आवाज जाईल, हिरो म्हणाला. मग ती कोणाचीही गाडी होईल.

पावसाच्या दिवसांत बसने जाईन. कोरड्या दिवशी गाडी. असं ठरवलंय, तेव्हा आता काळजी करू नका.

एक विचारू का? तुमची रजा दरवेळी कशी रद्द होते? तेराव्याला आला नाहीत, दरड कोसळली होती, ते मी समजले. मग दिवाण साफ करून ठेवला, तेव्हा रजा नाही. वर्षश्राद्धाला रजा नाही. आता पंप नंबर दोन. मी रागावून विचारत नाही.

वहिनी

२४ मे

भाऊजी,

महिना झाला, तुमचं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर कळणार नाही.

मंगळवारी गाडी पाण्यात बंद पडली. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. बोगद्याजवळची पिण्याच्या पाण्याची मोठी लाइन फुटली होती आणि सगळं पाणी बोगद्यात उतरलं होतं. लांबून मला वाटलं, कोणी रस्ता धुतलाय. पुढची टॅक्सी गेली, म्हणून मीही गेले. उन्हात इतकं स्वच्छ पाणी होतं की खोली कळलीच नाही. मधोमध आल्यावर गाडीने ठसका दिला, एकदा हिसका दिला आणि गप्प झाली.

ती शांतता मला ओळखीची होती. घरात कुलूप काढून आत गेलं की असते तशी.

माझा हात चावीवर गेला, भाऊजी. खोटं कशाला सांगू. तुमचं वाक्य पाठ होतं, तरी गेला. वाटलं, एकदाच फिरवावी, आवाज आला तर आला. बोटं चावीवर ठेवून बसले. मग काढून घेतली.

तोवर मागे रांग लागली. हॉर्नवर हॉर्न. एक टेम्पोवाला उतरून पाण्यातून आला.

"मावशी, सेल मारा ना!"

"नाही मारणार."

"अहो, एका सेलमध्ये होईल चालू."

"एका सेलमध्ये मरेल ती."

"गाडी येत नाही तर आणता कशाला? सरका, मी मारतो." आणि त्याने खिडकीतून सरळ हात आत घातला. मी चावी उपसली आणि ठेवली. कुठे ठेवली ते तुम्हाला लिहीत नाही, पण तिथून काढून घ्यायची कोणाची टाप नव्हती. टेम्पोवाला हात वर करून मागे सरला. टायवाला एक जण आपल्या गाडीच्या खिडकीतून डोकं काढून ओरडत होता, "बाई, आमचा खोळंबा होतोय, लोकांचा विचार करा!" म्हटलं, "विचारच करतेय. उतरा आणि ढकला." तो उतरला हो. टाय खांद्यावर टाकून ढकलायला लागला. टेम्पोवालाही आला. न्यूट्रल करून आम्ही ती बाहेर काढली. मी गुडघ्यापर्यंत भिजले होते. टेम्पोवाल्याने दोर बांधून गॅरेजपर्यंत ओढून दिली आणि म्हणाला, "मावशी, तुमच्यासारखी बाई घरात असती तर मी सुधारलो असतो." त्याच्या बायकोची मला दया आली.

हिरोने चारही प्लग काढले आणि इंजिन फिरवलं. पाणी कारंज्यासारखं उडालं, थेट त्याच्या तोंडावर. केसांचा काळा रंग कानावर उतरला. "आंघोळ घातली हिने," म्हणाला. मग त्याने तेल बदललं, दूध पडलेल्या चहासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी परत बदललं. सगळं वाळवलं आणि काल सुरू केली. दांडे वाकलेले नाहीत. हिरो म्हणाला, "तुम्ही चावी फिरवली असती तर मी आज तुम्हाला इंजिन पिशवीतून दिलं असतं."

मग म्हणाला, "आता तरी पाइप काढू?"

मी थांब म्हटलं. भाऊजी, मी कोरड्या दिवसाचा हिशोब केला होता आणि पाणी उन्हात आलं. आता माझं मला कळत नाही. आवाज ठेवला तर गाडी जाईल, आणि गाडी गेली की आवाजही जाईलच. डोक्याला हे कळतं. तुम्ही सांगा. तुम्ही काढ म्हणालात तर काढते.

वहिनी

२ जून

वहिनी,

तुमचं एप्रिलचं पत्र मिळालं होतं. उत्तर लिहीत होतो, फाडत होतो. शेवटच्या ओळींचं उत्तर येत नव्हतं.

तुम्ही चावी फिरवली नाहीत. मी असतो तर फिरवली असती. इथे बसून दुसऱ्याला सांगणं सोपं असतं.

पाइप काढा. दादानेही काढला असता. तो आवाजाचा शौकीन होता, पण इंजिन बुडवणारा माणूस नव्हता. डबा बसवा, हिरोकडून रबरी वायसर नवा घालून घ्या.

आता रजेचं. रजा रद्द होत नाही. मी अर्जच करत नाही. दोनदा पिशवी भरून डिझेलच्या गाडीत बसलो, घाट उतरून स्टँडवर आलो आणि परतीच्या गाडीने वर आलो. त्या घरात मी गेलो तर दादा गेला हे खरं होईल, असं काहीतरी डोक्यात आहे. इथे तो फक्त पत्र लिहीत नाही, एवढंच. लहान मुलासारखं आहे हे मला कळतं. तुम्हाला तिथे एकटं ठेवून मी इथे हे करत बसलोय, तेही कळतं.

आणि एक गंमत सांगतो. तुम्ही आवाजाबद्दल इतकं लिहिलंत, पण तो मी ऐकलेलाच नाही. रजेच्या शेवटच्या दिवशी आम्ही पाइप बसवला. एक क्लॅम्प कमी पडला, दादा आणायला गेला आणि माझी बस सुटायची वेळ झाली. तो दुकानातून थेट स्टँडवर आला, हातात क्लॅम्प घेऊन. खिडकीतून म्हणाला, "आता पुढच्या वेळी ऐक." मग पत्रात लिहायचा, कसली बोलते रे गाडी, ये ऐकायला.

तेव्हा तुम्हीच एकदा सावकाश ऐकून घ्या आणि मग काढा.

धाकटा

६ जून

भाऊजी,

येत्या नाही, त्यापुढच्या रविवारी मी येते. हे पत्र तुम्हाला आधी मिळेल अशा बेताने दिवस धरलाय. हिरो म्हणाला पाऊस अजून लांब आहे, घाटात रस्ता कोरडा आहे. त्याने गाडी खालून वरून तपासली. डबा, नवा वायसर आणि पाने मागच्या सीटवर ठेवलेत. पाइप तुम्ही काढायचा. बसवणाऱ्यानेच काढावा.

मुक्काम करणार नाही, सोमवारी ड्यूटी आहे. स्वयंपाक करून आणते, तुम्ही काही मांडू नका.

यायला जमणार नाही असं कळवायला तुम्हाला वेळच ठेवलेला नाही.

वहिनी

१५ जून, रविवार संध्याकाळ

वहिनी,

तुम्ही आत्ता घाटात असाल. हे पत्र डिझेलची गाडी येईल तेव्हा जाईल. तुम्ही इथे होतात तेव्हा काही बोलणं झालं नाही. पाने द्या, उजेड इकडे धरा, भाजी छान झालीय, एवढंच बोललो. म्हणून लिहितो.

दुपारी मी पंप बंद केले होते. नोकरीला लागल्यापासून कधी स्वतःहून केले नाहीत. टाकीत पाणी भरपूर होतं. पंप चालू असले की इथे दुसरं काही ऐकू येत नाही. बंद केल्यावर आधी कान दुखले. मग पाखरं ऐकू आली.

खालच्या वळणावर तुम्ही आलात तेव्हा मी आत होतो. दादाने लिहिलं होतं तसाच आवाज होता. त्याला अक्षरात नीट सांगता आलं नव्हतं, मलाही येत नाही. प्रत्येक वळणावर जातो आणि पुन्हा येतो, आणि दर वेळी जास्त जवळून येतो. मी फाटकाकडे पळालो. चपला घालायचं राहिलं. शेवटच्या चढावर तुम्ही रेटलीत आणि माझ्या तोंडून "दादा आला" असं निघालं. मोठ्याने. तुम्ही काच खाली केलीत तेव्हा मी तोंड फिरवून फाटकाची कडी काढत होतो, ती आधीच काढलेली होती. तुम्हाला दिसलं असेल.

पाइप काढून तुमच्या हातात दिला तेव्हा तुम्ही तो परत माझ्याकडे दिलात. इथेच आहे. भिंतीला टेकवून ठेवलाय. त्याचं काय करायचं ते मला माहीत नाही.

डबा नीट बसलाय. चारही खटके मी दोनदा बघितले. आता बोगद्यात थोडंफार पाणी असलं तरी घाबरायचं कारण नाही, पण बॉनेटपर्यंत असेल तर घालू नका. उतरणीला दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेकवर बसू नका.

तुम्ही निघालात तेव्हा मी फाटकाशी उभा होतो. पंप अजून सुरू केले नव्हते. पहिल्या वळणापर्यंत गाडी दिसत होती. वळल्यावर काही ऐकू आलं नाही. खूप वेळ कान देऊन उभा राहिलो, काहीच नाही. तुम्ही गेलात, थांबलात की मागे वळलात, काही कळायला मार्ग राहिला नाही. गाडी चांगली चालते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग पंप सुरू केले.

घरी पोचल्याचं कळवा. जुलैच्या रजेचा अर्ज ह्याच टपालाने पाठवतो आहे.

धाकटा